नखभर बदल

वयाच्या ४३व्या वर्षापर्यंत मी नेलकटर हातात धरला नव्हता. कधी गरजच पडली नाही. ते काम दात करायचे, आणि अगदी नेमाने करायचे. सुरुवात कधी झाली ते मला आठवत नाही. आई म्हणते, सहा-सात वर्षांची असशील. म्हणजे ३६ वर्षं तरी झालीच. 'तुला कशातच सातत्य नाही' असं मला आयुष्यात ज्यांनी ज्यांनी ऐकवलं, त्यांच्यापुढे मी दहाही बोटं धरायला हवी होती.

ज्यांनी हे कधी केलेलं नाही त्यांना वाटतं, नखं खाणं म्हणजे शेंडा कुरतडणं. शेंडा पहिल्या वर्षीच संपतो. मग नखाची कड, मग जिवंत नख, मग कडेची सालं. साल ओढलं की ते सोलत सोलत पार आत जातं आणि रक्त येतं. वर्षातून दोनदा तरी मला नखुरडं व्हायचं. नखुरडं ठणकायला लागलं की रात्री झोप लागत नाही, आणि झोप लागत नाही म्हणून माणूस काय करतो? दुसऱ्या हाताची नखं खातो.

या सवयीच्या पोटात आणखी एक सवय असते, हात लपवण्याची. सही करताना बोटं मुडपून घ्यायची, काही दाखवायचं झालं तर बोटाऐवजी पेन पुढे करायचं, फोटोत हात पाठीमागे. ही दुसरी सवय मला दिसतही नव्हती. तिच्याबद्दल पुढे सांगते, कारण पहिली सुटली तरी ती सुटली नाही.

सगळे करतात ते उपाय माझेही करून झाले होते. लहानपणी आईचं 'काढ तो हात तोंडातून' दिवसातून वीसदा. हात निघायचा, पण आईची नजर असेपर्यंतच. मोठेपणी हातमोजे, चिकटपट्ट्या, नवऱ्याशी पैज. आणि कडू नेलपॉलिश. त्यात डेनाटोनियम नावाचं रसायन असतं. १९५८ मध्ये स्कॉटलंडमध्ये बधिर करण्याच्या औषधांवर काम चालू असताना ते हाती लागलं, आणि माहीत असलेल्या पदार्थांत ते सगळ्यात कडू मानलं जातं. पहिल्या दिवशी मला मळमळलं. चौथ्या दिवशी मी आधी बोट चोखून कडूपणा काढून टाकत होते आणि मग शांतपणे कामाला लागत होते. दहाव्या दिवशी तर तोंड कडू झालं की मला कळायचं, अरे, बोट आत गेलंय.

यात मी काही जगावेगळी नव्हते, हे खूप नंतर वाचलं. वेंडी वूड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रपटगृहात आलेल्या काहींना ताजे पॉपकॉर्न दिले, काहींना आठवडाभराचे शिळे. ज्यांना सिनेमा बघताना पॉपकॉर्न खायची सवय होती त्यांनी शिळेही ताज्याइतकेच संपवले. चव आवडली नाही हे त्यांनीच सांगितलं, तरीही. तेच शिळे पॉपकॉर्न साध्या मीटिंग रूममध्ये दिले तेव्हा मात्र हात आखडला. चित्रपटगृहातच, पण नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला सांगितलं, तेव्हाही आखडला. म्हणजे चवीला त्या कारभारात कुणी विचारतच नव्हतं. जागेचं आणि हाताचं आपापसात ठरलेलं होतं. माझ्या नेलपॉलिशचं नेमकं हेच झालं. मी जिभेला शिक्षा करत होते, आणि जीभ या प्रकरणात आरोपीच नव्हती.

त्यानंतर २१ दिवस. २१ दिवस कळ काढली की सवय लागते किंवा सुटते, हे प्रत्येकाला कुणी ना कुणी सांगितलेलं असतंच. मी दोनदा २१ दिवस काढले. दुसऱ्या वेळी तर २२व्या दिवशी सकाळी स्वतःचं कौतुक करत बसले होते आणि दुपारपर्यंत डाव्या हाताची चार नखं गेली. त्यावरून मी सरळ निष्कर्ष काढला: जगाला २१ दिवस पुरतात, मला पुरत नाहीत, म्हणजे खोट माझ्यात आहे. हा आकडा आला कुठून ते तेव्हा ठाऊक असतं तर बरं झालं असतं. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे एक प्लॅस्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर माणसाला आरशातला नवा चेहरा आपला वाटायला किमान २१ दिवस लागतात, असं त्यांनी १९६० मध्ये लिहिलं. त्यातलं 'किमान' वाटेत गळून पडलं, आणि चेहऱ्याच्या जागी जगातली प्रत्येक सवय येऊन बसली.

सगळं फिरलं ते एका रेकॉर्डिंगमुळे. ऑनलाइन बैठक होती, ४० मिनिटांची. इतिवृत्त माझ्याकडे होतं म्हणून दुसऱ्या दिवशी मी ती पुन्हा लावली. माझा चौकोन उजव्या कोपऱ्यात. मी ऐकतेय, मान डोलावतेय, आणि हात वर जातोय. खाली येतोय. पुन्हा वर जातोय. मुद्दे लिहायचे सोडून मी मोजायला लागले. १७ वेळा. त्यातली मला आठवत होती ती एकच, कारण तेव्हा साल निघून झोंबलं होतं.

शरम वाटली, ती वाटणारच. पण त्याहून विचित्र वाटलं ते वेगळंच. १७ पैकी १६ वेळा मी तिथे नव्हतेच. मग इतकी वर्षं मी निर्धार करत होते तो कुणाच्या वतीने? निर्धार करणारी सकाळी आरशासमोर उभी असायची आणि नखं खाणारी बैठकीत बसलेली असायची. दोघींची कधी गाठच पडली नव्हती. वूड बाईंच्याच २००२ मधल्या एका पाहणीत लोकांना तासातासाला टिपून ठेवायला सांगितलं होतं: आत्ता काय करताय, मनात काय चाललंय. सुमारे ४३ टक्के कामं जवळपास रोजची, बहुतेक त्याच त्या जागी होणारी निघाली, आणि ती चालू असताना मन बऱ्याचदा भलतीकडेच असायचं. मला तो आकडा कमीच वाटतो.

त्याच महिन्यात नखुरडं झालं म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी पू काढला, औषध लिहून दिलं आणि चिठ्ठीच्या मागे एका समुपदेशक बाईंचं नाव लिहिलं.

"डॉक्टर, मला टेन्शन वगैरे काही नाहीये," मी म्हटलं.

"टेन्शनचं मी कुठे म्हटलं? बोटांचं म्हणतोय."

त्या बाईंनी मला नखं खाणं सोडायला सांगितलंच नाही. पहिले दोन आठवडे खुशाल खा म्हणाल्या, फक्त दर वेळी लिहा. वेळ, जागा, कोणतं बोट, त्याआधी काय चाललं होतं. या पद्धतीला हॅबिट रिव्हर्सल म्हणतात. नेथन एझ्रिन आणि ग्रेगरी नन या दोघांनी ती १९७३ मध्ये मांडली, आणि तिची पहिली पायरीच ही आहे: थांबवायचं नाही, पकडायचं. मला ते फारच बिनकामाचं वाटलं. एवढी फी देऊन वही भरायची?

पहिल्या दिवशी नऊ नोंदी झाल्या. चौथ्या दिवशी ३४. मी घाबरून फोन केला. त्या म्हणाल्या, "वाढलं नाहीये, तुम्ही हजर राहायला लागलात."

वहीने मला तीन बाबतींत खोटं पाडलं. मला खात्री होती की मी काळजीने नखं खाते. दोन आठवड्यांत काळजी दोनदा आली. बाकी सगळीकडे एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत: 'वाक्य अडलं'. 'फाइल उघडत नाहीये'. 'समोरच्याचं बोलणं संपत नाही'. 'उत्तर काय लिहू कळेना'. काळजी नव्हती ती, अडणं होतं. पुढेही जाता येत नाही आणि सोडूनही देता येत नाही, अशा चार-दोन सेकंदांत हात वर जायचा.

दुसरं, नखं रात्री जास्त जातात असं मी धरून चालले होते. दिवसभर संयम वापरून वापरून तो रात्रीपर्यंत संपतो, असं मी स्वतःला कायम समजावत आले. वही म्हणत होती, सकाळी ११ ते १. (संयम वापराने संपतो ही कल्पना १९९८ मधल्या एका प्रयोगाने गाजली होती. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून २०००हून जास्त लोकांवर ती तपासली तेव्हा परिणाम जवळपास शून्य निघाला. माझी वही एवढी मोठी नव्हती, पण निकाल तोच.)

तिसरं कळायला मला पूर्ण दहा दिवस लागले. हात तोंडाकडे जातो ती सुरुवात नव्हतीच. त्याआधी अंगठा बाकीच्या बोटांच्या नखांवरून फिरायचा. तर्जनी, मधलं, अनामिका, करंगळी, आणि उलटा परत. कुठे खरखरीत लागतंय का, कोपरा आलाय का, साल सुटलंय का. गस्तच ती. काही सापडलं की ते बोट तोंडात, 'फक्त तेवढं सारखं करायला'. आता दात कधी काही सारखं करतात का? दातांनी एक कोपरा काढला की दोन तयार होतात. त्या दोघांसाठी अंगठा पुन्हा गस्तीला निघायचा. ३६ वर्षं मी नखांचा नाश करत नव्हते. माझ्या परीने त्यांची निगा राखत होते! हे ध्यानात आलं त्या दिवशी मी एकटीच मोठ्याने हसले. सवयीबद्दल हसू येण्याची ती पहिलीच वेळ.

"मग ती खरखर दुसऱ्या कशाने काढता येईल?" बाईंनी विचारलं. उत्तर कुठल्याही लहान मुलीने दिलं असतं. मला ते ३६ वर्षांत सुचलं नव्हतं. नखं घासायच्या चार कानशी आणल्या, नेल फायलर म्हणतात त्या. एक कीबोर्डशेजारी, एक उशाशी, एक गाडीत, एक पर्समध्ये. अंगठ्याला कोपरा सापडला की दोनदा घासायचं, कोपरा नाहीसा. इतकं सोपं असल्याचा मला थोडा रागच आला.

कानस नेहमी हाताशी असेलच असं नाही, म्हणून दुसरी तजवीज. अंगठा फिरायला लागला की मूठ वळायची आणि एक ते तीन मिनिटं धरून ठेवायची. मूठ वळलेली असताना बोट तोंडात जात नाही, एवढंच तिचं गुपित. बाईंनी ते वाक्य माझ्याकडून लिहून घेतलं: 'अंगठा फिरायला लागला, तर मी मूठ वळेन.' त्याच्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलेलं 'मी नखं खाणार नाही' खोडायला लावलं, कारण त्यात काय करायचं तेच नव्हतं. अशा जर-तर वाक्यांवर पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९०च्या दशकात पुष्कळ काम केलं. २००६ मध्ये ९४ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा नुसत्या इराद्यापेक्षा असं वाक्य ठळकपणे जास्त कामी येतं असं दिसलं. माझ्या बाबतीत ते कामी आलं याचं कारण मला वेगळंच वाटतं. त्या वाक्यात नखं हा शब्दच नव्हता.

पद्धतीत घरच्या एका माणसाला सामील करून घ्यायचं असतं. नवरा इतकी वर्षं 'हात!' म्हणून ओरडायचं काम करतच होता.

"तू 'हात' म्हणालास की मला सातवीत गेल्यासारखं वाटतं," मी त्याला सांगितलं.

"मग काय म्हणू?"

"खाताना दिसले तर काहीच नको. मूठ दिसली तर मात्र बोल."

"मूठ दिसल्यावर काय बोलायचं? वा, छान मूठ?"

आणि तो खरोखर तेच म्हणायला लागला. चारचौघांत, गंभीर चेहऱ्याने, कुणाला काही न कळता: "छान मूठ." मला हसू यायचं आणि हसण्यात ते मिनिट निघून जायचं. कौतुकाने सवय लागते का ते माहीत नाही, थट्टेने लागते.

पाचव्या आठवड्यात नोंदी दिवसाला चार-पाचवर आल्या. नखांच्या पुढे एक बारीक पांढरी कड दिसायला लागली. नखांचं एक बरं असतं, ती हिशेब दाखवतात. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. विल्यम बीन नावाचे एक अमेरिकी डॉक्टर होते. १९४१ मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी, त्यांनी स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर मुळाशी कानशीने एक आडवी रेघ मारली आणि ती शेंड्याला पोचायला किती दिवस लागतात ते मोजलं. मग दर महिन्याच्या एक तारखेला नवी रेघ. असं ३५ वर्षं. ३२व्या वर्षी त्यांचं नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होतं, ६७व्या वर्षी ०.०९५. माझ्याएवढाच काळ, माझ्याच अवयवावर लक्ष ठेवून बसलेला माणूस! सवय म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी त्यांच्याकडे बोट दाखवेन. बोट दाखवायला आता हरकत नाही.

५३व्या दिवशी सगळं गेलं.

बाबांना संध्याकाळी अचानक हॉस्पिटलमध्ये दाखल करावं लागलं. रात्रभर मी बाहेरच्या बाकावर. आत जाता येत नाही, घरी जाता येत नाही, कुणी बाहेर येऊन काही सांगत नाही. अडणंच अडणं. पर्स गाडीत, कानस पर्समध्ये. पहिलं नख अकराच्या सुमाराला गेलं, उजव्या करंगळीचं. ते अडण्यापायी गेलं, हे मला मान्य आहे. पण उरलेली नऊ अडण्यापायी गेली नाहीत. ती 'आता गेलंच आहे तर' यापायी गेली. इतकी सवड मी स्वतःला कधी दिली नव्हती. एकेक नख नीट, क्रमाने. नखं संपल्यावर कातडी. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी तर ओढता ओढता बरीच आत गेले. पहाटे बोटांना रुमाल गुंडाळून बसले होते आणि नर्सने विचारलं की तुम्हाला काही लागलंय का.

बाबा तिसऱ्या दिवशी घरी आले, ठणठणीत. माझी नखं परत यायला त्याहून बराच वेळ लागणार होता.

पुढच्या भेटीत बाईंनी वही चाळली. ५३व्या दिवसाचं पान कोरं. "हे लिहा ना," त्या म्हणाल्या. मला वाटलं होतं त्या नव्याने सुरुवात करू म्हणतील. त्यांनी दहा नोंदी करायला लावल्या, दहा वेगवेगळ्या ओळी. लिहिताना दिसलं की पहिल्या आणि दुसऱ्या ओळीत पाऊण तासाचं अंतर आहे. त्या पाऊण तासात मी नख खाल्लं नव्हतं. स्वतःवर खटला चालवत होते. ॲलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञाने व्यसन सोडणाऱ्या लोकांबरोबर काम करताना नेमक्या याच जागेवर बोट ठेवलं होतं. पहिला घोट वेगळा आणि पुढची घसरण वेगळी, आणि मधला पूल त्या पहिल्या घोटाचा आपण जो अर्थ लावतो त्याचा असतो. त्या दिवसापासून माझा नियम साधा आहे. एक नख गेलं तर एकच नख गेलं.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा अभ्यास बाईंनीच वाचायला दिला. ९६ जणांनी आपापली एकेक नवी गोष्ट १२ आठवडे रोज करून पाहिली. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतील असं निघालं, पण कुणाला १८ आणि कुणाला तब्बल २५४. मधला एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, असंही दिसलं. १८ ते २५४! २१व्या दिवशी जिंकणारेही त्यात बसतात आणि मीही बसते. त्यांच्यातला आणि माझ्यातला फरक चारित्र्याचा नाही, हे मला छापील कागदावर वाचायला मिळालं.

मात्र एक गोष्ट मी मनाशी पक्की केली: सुटलं असं कधी म्हणायचं नाही. ॲन ग्रेबिएल या मेंदूशास्त्रज्ञ बाईंच्या प्रयोगशाळेत उंदरांना चक्रव्यूहातली एक वाट सवयीची करून दिली होती आणि मेंदूच्या आत खोलवर तिचा ठसा कसा उमटतो ते पाहिलं होतं. बक्षीस बंद केलं तेव्हा ठसा मावळला. बक्षीस पुन्हा ठेवताच तो होता तसा परत आला. हे वाचून मी खचायला हवं होतं, पण उलट हायसं वाटलं. हॉस्पिटलमधली ती रात्र म्हणजे माझं खरं रूप उघडं पडलं, असं काही नव्हतं. जुनी वाट बुजलेली नव्हती, आणि त्या रात्री कुणीतरी तिथे दिवा लावला.

नखं पुन्हा आली. पुढचे काही महिने लिहिण्यासारखे नाहीत: कानस, मूठ, वही, कानस. नखं आल्यावर काय होतं ते मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. कीबोर्डवर टकटक आवाज येतो आणि शेजारचं अक्षर उमटतं. टेबलावरचं नाणं एका झटक्यात उचलता येतं. चिकटवलेलं लेबल सोलता येतं. पाठ खाजवण्यात एवढं सुख असतं हे मला ४३व्या वर्षी कळलं, आणि तेवढ्यासाठी तरी मी हे सगळं पुन्हा करेन.

मग ती इतकी वाढली की कापायची वेळ आली. मी धाकट्या बहिणीला व्हिडिओ कॉल केला.

"ताई, तू ४३ वर्षांची आहेस."

"माहितीये."

"आणि तुला नखं कापता येत नाहीत."

"तेही माहितीये. नेलकटर सरळ धरायचा की आडवा?"

पहिल्यांदा मी इतकं खोल कापलं की दोन दिवस बोट दुखलं. दात एवढे अंदाजाने काम करायचे! दर रविवारी नखं कापायची, ही खरं तर या सगळ्यातली एकमेव नवी सवय, आणि तीच लागायला सर्वांत जास्त त्रास झाला. विसरूनच जायचे. नखं वाढतात, आणि ती आपल्याला वेळेवर कापावी लागतात, हे माझ्या अंगात नव्हतंच.

त्याच कॉलमध्ये बहिणीने विचारलं, "नखं आली ना? मग दाखव की. हात कुठे आहेत?" मी खाली पाहिलं. नेलकटर ठेवून झाल्यावर दोन्ही हात मांडीखाली गेले होते. लपवायला काही उरलं नव्हतं आणि तरी ते लपले होते. मग मी लक्ष ठेवायला लागले. पैसे देताना, सही करताना, फोटोत, सगळीकडे तेच. या सवयीला अंगठ्याच्या गस्तीसारखी सुरुवातही सापडेना. शेवटी बाईंनी फक्त एवढंच सांगितलं की बैठकीत हात टेबलावर ठेवा, सपाट. वाचायला किती किरकोळ आहे हे! मला ती दहा मिनिटं कपडे काढून बसल्यासारखी गेली. आणि समोर टेबलावर पडलेली ती दहा बोटं कुणा दुसऱ्याच बाईची वाटत होती. मॉल्ट्झ यांचा तो बदनाम आकडा मला तेव्हा आठवला. सवयींचं राहू द्या. बदललेलं अंग आपलं वाटायला वेळ लागतो, एवढं मात्र त्या सर्जनला बरोबर दिसलं होतं. माझ्या हातांना २१ दिवस पुरले नाहीत. चार महिने लागले असतील.

आणखी एक झालं, ज्याची मला कल्पना नव्हती. अडणं काही थांबलं नव्हतं. थांबला होता तो त्यावरचा उतारा. वाक्य अडलं, समोरच्याचं बोलणं लांबलं, की पूर्वी बोट तोंडात जायचं आणि तोंड आपोआप बंद राहायचं. आता तोंड मोकळं. एका बैठकीत एक सहकारी तोच मुद्दा चौथ्यांदा सांगत होते, मी मूठ वळली, मिनिट मोजलं, तरी ते थांबेनात. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हे मला पहिल्या वेळीच कळलंय, पुढे जाऊया?" लोकांनी तोंडात बोटं घातली. (त्यांनी.) नंतर ते सहकारी म्हणाले, "तुम्ही अलीकडे फार बदललात." कौतुक नव्हतं ते. पूर्वीची मी त्यांना जास्त सोयीची होते, हे मलाही पटलं. मला स्वतःलाही ती कधीकधी सोयीची वाटते. अडल्या वेळी ३६ वर्षं तिनेच निभावून नेलं होतं, आणि न बोलता.

वही अजून चालू आहे. गेल्या महिन्यात तीन नोंदी आहेत, तिन्ही डाव्या मधल्या बोटाच्या.

हॉस्पिटलच्या त्या रात्रीनंतर तीनेक आठवड्यांनी उजव्या अंगठ्याच्या मुळातून एक आडवी खाच वर आली होती. मोठ्या आजारानंतर नखांवर अशा खाचा उमटतात, याचं वर्णन बो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८४६ मध्येच करून ठेवलं आहे. माझी खाच आजाराची नव्हती, माझ्याच दातांची होती. बीन यांच्यासारखी रेघ मारायची मला गरज उरली नाही. ती खाच दर रविवारी मी बघत होते. दुसऱ्या महिन्यात अर्धचंद्राच्या वर, चौथ्या महिन्यात निम्म्याच्या पुढे. बहिणीने एकदा विचारलं, हे काय लागलंय, तेव्हा मी म्हटलं, बाबा दाखल होते ना, तेव्हाचं. सहाव्या महिन्याच्या शेवटी ती अगदी कडेला आली. रविवारी सकाळी मी नेलकटर घेऊन बसले, आडवा धरला आणि दाबला. तुकडा टचकन उडाला. टेबलाखाली वाकून मी बराच वेळ शोधला. सापडला नाही.